यांगदोलचा मफलर

२१ नोव्हेंबर

पोचले एकदाची रालुंगला, आणि नाक अजून चेहऱ्यावर शाबूत आहे! पदुमच्या बाजारात सगळ्यांनी पैजा लावल्या होत्या की कुन्झेस अर्ध्या वाटेवरून रडत परत येणार. इथे हिवाळाभर नर्स टिकत नाही म्हणे. आधीची तर पहिल्या बर्फालाच आईच्या आजारपणाचं निमित्त काढून पसार झाली. माझी आई ठणठणीत आहे, त्यामुळे मला निमित्तसुद्धा नाही.

औषधांची पेटी घेऊन याकवाला खालच्या गावापर्यंत आला आणि तिथे चक्क बसलाच. पुढची वाट पेटी पाठीवर घेऊन एकटीनं तुडवली. नाला ओलांडताना पाय घसरला, ओढणी भिजली आणि बघता बघता लाकडासारखी कडक झाली. गळ्याशी असा वारा झोंबायला लागला की विचारू नका. पण माझं नशीब भारी! तीन वाटा मिळतात तिथल्या, मंत्र कोरलेल्या दगडांच्या मणी-भिंतीपाशी काटेरी झुडपात एक लाल मफलर अडकलेला दिसला. हातानं विणलेला, लांबलचक, आणि काय ऊबदार! तिठ्यावर पडलेलं उचलू नये एवढं मलाही कळतं, मी काही दिल्लीहून आलेली नाही. म्हणून आधी चारी बाजूंनी नीट पाहिलं. सातूच्या पिठाची बाहुली नाही, धान्य नाही, दिवा नाही. नुसतं बर्फ आणि दोन कावळे. कुणाच्या तरी गळ्यातून उडाला असणार. गावात गेल्यावर ज्याचा त्याला देऊ, असं म्हणून गुंडाळला गळ्यात.

दवाखान्याच्या खोलीचं छप्पर बसलंय, म्हणून माझी सोय मेमे नाम्ग्याल यांच्या घरी. मेमे म्हणजे घरातले आजोबा. त्यांची सून आचे, म्हणजे ताई, देस्कित आणि पाच वर्षांची नात यांगदोल. मुलगा लेहला कामावर गेलाय, तो आता वाट उघडल्यावरच येणार. हिवाळ्यात सगळे तळच्या खोलीत झोपतात, भिंतीपलीकडे गाई, मधे शेणीची चूल. मी वाकून दारातून आत आले तेव्हा देस्कितच्या हातातली चहाची किटली चुलीवरच कलंडली, एवढा धूर झाला! मेमेंच्या हातातली जपमाळ थांबली. मग ते उठले आणि चुलीजवळची स्वतःची जागा मला दिली. मी नको नको म्हणत राहिले, तर म्हणाले की बस गं पोरी, आता ती तुझीच.

पोर मात्र वाईट अवस्थेत आहे. छाती घरघरतेय, ओठ निळे. लगेच इंजेक्शन दिलं. पाय टेकत नाहीत तोच कामाला सुरुवात!

२४ नोव्हेंबर

यांगदोल आज उठून बसली आणि वाटीभर थुकपा प्यायली! ताप उतरला, ओठ गुलाबी झाले. इतक्या लवकर मी कुणाला बरं होताना पाहिलं नव्हतं. मी घरभर मिरवून घेतलं. मेमे मला आता सुईबाई म्हणतात. मी येण्याआधी खिंडीपलीकडून लामा येऊन पूजा करून गेले होते, म्हणून मी चिडवलं की मेमे, खरं सांगा, श्रेय कुणाचं, लामांचं की माझ्या सुईचं? ते हसले, पण फार वेळ नाही. म्हणाले, दोघांचंही नाही गं.

यांगदोलला कुणी आवरू शकत नाही. माझ्या पेटीतल्या कापसाच्या दाढ्या लावून मेमेंची नक्कल करते. जेवताना पाय माझ्याच मांडीवर हवेत. तिची आई ओरडली तर ऐटीत सांगते की डॉक्टरीणबाईंना ऊब लागते म्हणून ठेवलेत.

देस्कितला विचारलं, हा मफलर कुणाचा असेल गं? ती पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली की कोण जाणे, वाऱ्याचं काय, कुठलंही उडवून आणतो, राहू द्या, तुम्हाला शोभतो. मग लोण्याचा एवढा मोठा गोळा माझ्या चहात टाकला. या घरात माझे लाड जरा जास्तच चाललेत. तक्रार कोण करणार?

२९ नोव्हेंबर

परवा गंमत झाली. मेमेंनी पोरीचं नाव बदललं. सारखं आजारी पडणाऱ्या पोराला आमच्याकडे वाईट नाव देतात, म्हणजे कुणाला ते हवंहवंसं वाटू नये. यांगदोल आता खीमो झाली. खीमो म्हणजे कुत्री. पोरीनं भोकाड पसरलं. मी कुत्री नाही, मेमे कुत्रा! म्हणून दोन्ही पाय आपटले. शेवटी मी चार पायांवर भुंकून दाखवलं तेव्हा हसली. पण हाक मारली की ओ देत नाही. जुन्या नावाला मात्र लगेच वळते, आणि मग देस्कित पांढरीफटक पडते. काल माझ्या तोंडून यांगदोल निघालं, तर देस्कितनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठले. ते नाव या घरात पुन्हा घेऊ नका म्हणाली. मी म्हटलं, बरं बाई, एवढं काय झालं?

मला थोडा खोकला झालाय. धुरानं असेल.

३ डिसेंबर

इथे जेवणं उरकत नाहीत तोच ऊन डोंगरामागे जातं आणि खोरं एकदम निळं पडतं. त्या वेळी मी नाल्यावर बर्फ फोडून पाणी भरत होते. मागून कुणीतरी हाक मारली. मी वळून ओ देणारच होते, तोंड उघडलंसुद्धा, आणि मग लक्षात आलं की हाक यांगदोल अशी होती.

मी कशाला वळले? माझं नाव कुन्झेस आहे, माझ्या आईनं ठेवलेलं, आणि तेवीस वर्षं मी त्यालाच ओ देते.

नाल्यावर कुणी नव्हतं. घरी येऊन सांगितलं तेव्हा देस्कितच्या हातातली कळशी पडली. मेमेंनी आधी विचारलं की तू ओ दिलीस का. नाही म्हटल्यावर त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की चुलीतली राख उडाली. मग उठून, एवढ्या थंडीत, गेरू कालवून दारावर आणि घराच्या चारी कोपऱ्यांवर लाल पट्टे ओढून आले. आमच्याकडे त्सनच्या, म्हणजे डोंगरातल्या लाल भुताच्या, भीतीनं असे पट्टे ओढतात. माझी आजीही ओढायची आणि मी तिला हसायचे.

आज हसू येत नाही. खोकला वाढलाय.

६ डिसेंबर

तो दिसला. मणी-भिंतीपाशी. आधी वाटलं कुणी प्रवासी वाट चुकला. अंगात लाल गोंचा, आमचा लोकरी झगा, चेहरा इतका देखणा की मी, देवाशपथ, केस सारखे केले. त्यानं मान तुकवली, अदबीनं, सोयरीक घेऊन आलेल्या माणसासारखी. मी जुले म्हणून नमस्कार करणार होते, पण खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत तो लांब गेला होता. चढावर. पण पाठ फिरवून नाही. तोंड माझ्याकडेच, आणि एकेक पाऊल मागे मागे, न अडखळता.

पाठमोरा कुणाला दिसू नये म्हणून त्सन असाच जातो. आजी सांगायची. त्याला पाठ नसते, सगळं आतलं उघडं असतं. आजी, तुला हसले त्याची माफी कर.

आज मफलरचं टोक चुलीत जाऊन जळता जळता वाचलं. काढायला गेले, तर खीमोच म्हणाली की असू दे ना, माझ्या आईनं विणलाय तो. मग तिनंच तोंडावर हात ठेवला. आईनं सांगू नको म्हणून बजावलं होतं ना.

७ डिसेंबर

मफलरची दुमडलेली कड उसवली. आत कापडाची पुरचुंडी. तिच्यात पोरीच्या केसांची बट आणि नखं.

म्हणजे उतारा. लामांनी पोरीच्या मापाची पिठाची बाहुली केली, तिला हा मफलर घातला, तिला यांगदोल म्हणून मिरवलं, ही त्या पोरीपेक्षा सुंदर आहे, हिला ने, असं त्सनला सांगितलं आणि तिठ्यावर ठेवून दिली. बाहुली कावळ्यांनी खाल्ली. बाकीचं बर्फाखाली गेलं. आणि मी, अतिशहाणी, चारी बाजूंनी नीट बघून, तो गळ्यात घालून गावात नाचत आले.

मी घर डोक्यावर घेतलं. पहिल्या दिवशी तुम्ही ओळखला होता ना, मग बोलला का नाहीत? मला चुलीजवळची जागा, मला लोणी, माझे लाड! तुम्ही मला बाहुलीसारखं सजवत होतात! देस्कितनं माझे पाय धरले. म्हणाली की त्या संध्याकाळी माझी पोर जात होती, लामांनीही मान हलवली होती, आणि तुम्ही दारातून आत आलात आणि तिनं डोळे उघडले, मी कशी बोलणार होते, तुम्ही आई असता तर बोलला असता का? मी तिला नाही नाही ते बोलले. तिनं पाय सोडले नाहीत.

मेमेंनी सगळं सरळ सांगितलं. मफलर जिच्या गळ्यात ती त्सनच्या लेखी यांगदोल. तिनं त्याच्या हाकेला ओ दिली की तो तिला नेणार. पिठाच्या बाहुलीला तोंड नसतं, म्हणून तिला तो हाक न मारताच उचलतो. तुला तोंड आहे, ते मिटून ठेवशील तोवर तुला वाचायला जागा आहे. मी विचारलं की काढून टाकला तर? ते पोरीकडे बघत राहिले. म्हणाले, काढ, तुझा हक्क आहे, तुला कुणी अडवणार नाही. मग नाव जुन्या मालकिणीकडे परत जाईल.

मी म्हटलं, जाऊ दे! मी काही तुमची कुणी लागत नाही!

८ डिसेंबर

पहाटेच मणी-भिंतीपाशी जाऊन मफलर त्याच झुडपावर टाकून आले. येताना छाती मोकळी. एकही खोकला नाही. मी मोठमोठ्यानं गाणं म्हणत आले.

जेवणाच्या वेळी पोरीला ताप चढला. संध्याकाळी ओठ निळे. तीच सुई दिली, तेच औषध, त्याच मापानं. काही नाही. उपयोग नाही. मीच बरं केलं म्हणून किती मिरवलं मी! ऊन गेल्यावर ती शुद्ध हरपलेल्या डोळ्यांनी दाराकडे बघायला लागली आणि ओठ हलवायला लागली. देस्कितनं तिचं तोंड छातीशी दाबून धरलं. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पोरीचे पाय थंडगार. मी मांडीवर घेऊन चोळत बसले.

९ डिसेंबर

आणला परत.

मी संत नाही. तिठ्यापर्यंत जाताना स्वतःलाच शिव्या घालत गेले. गाढव, मूर्ख, कोण लागते ती तुझी? पण तिनं सकाळी डोळे उघडून विचारलं होतं की डॉक्टरीणबाई, मी कुत्री झाले तर मला बाहेर गाईंजवळ झोपवणार का. काय सांगू तिला मी?

तो झुडपाजवळच उभा होता. मफलरला हात लावला नव्हता, नुसता राखत होता. मी गळ्यात घालेपर्यंत अदबीनं थांबला. मग मागे मागे निघाला. वाऱ्याच्या झोतानं तो किंचित वळला आणि मला दिसलं —

नाही. लिहिणार नाही.

घरी पोचले तोवर पोर उठून बसली होती, भूक लागली म्हणून रडत होती. देस्कित माझ्या पायाशी डोकं टेकायला आली, मी तिला उठवलं. दोघी रडलो.

१२ डिसेंबर

ठरलं असं. वाट उघडली की मेमे खिंडीपलीकडून लामांना आणतील, ते माझ्यासाठी नवा उतारा करतील. तोवर मी गप्प राहायचं. कुठल्याही हाकेला ओ द्यायची नाही. घरातसुद्धा नाही, म्हणजे सवयच मोडेल. मला बोलवायचं असेल तर खीमो चमच्यानं ताट वाजवते. तिला हा खेळ फार आवडलाय.

पण तिला कोण समजावणार? ती पण जुन्या नावाला वळते. त्सननं हाक मारली आणि माझ्याआधी तिनंच ओ दिली तर? मेमेंना विचारलं. ते म्हणाले, ज्याचं नाव जन्माचं त्याची ओ खरी, मग मफलर कुणाच्याही गळ्यात असो.

दुपारपासून तिच्या कानात कापूस घालायला सुरुवात केली. ती काढून टाकते.

१५ डिसेंबर

पुन्हा हाक. पडसाद नव्हे. दारापाशी. रोज ऊन गेलं की. आज माझ्या आईच्या आवाजात. माझी आई मला कुन्झेस म्हणते, यांगदोल का म्हणेल? एवढं कळूनही डोळ्यांतून पाणी आलं. दातात कमरेचा पट्टा धरून बसले.

खोकल्यातून रक्त.

१७ डिसेंबर

बर्फ. सारखं बर्फ. खिंड बंद. वाट वैशाखाआधी उघडणार नाही असं मेमे म्हणाले. आधी म्हणाले असते तर — काय केलं असतं मी? तेच.

मेमेंनी विचारलं की तुझं नाव सांग बघू. मला जरा वेळ लागला. कुन्झेस. कुन्झेस. कुन्झेस. इथे लिहून ठेवते.

१९ डिसेंबर

पोर मांडीवर झोपते. केसांना तिच्या धुराचा वास. तिला मी विणकाम शिकवतेय. तिला मोठं झाल्यावर सुईबाई व्हायचंय. म्हणाली, सगळ्यांना टोचणार, मेमेंना दोनदा.

तिला व्हायलाच हवं. मला भीती वाटते. खूप वाटते. पण तिला मोठं व्हायलाच हवं.

२० डिसेंबर

छतावर बर्फ साचलंय, तुळई वाजतेय. मेमे आणि देस्कित फावडी घेऊन वर गेलेत. बर्फ काढलं नाही तर घर बसेल. शिडीची फट त्यांनी वरून झाकून घेतलीय. मी आणि पोर खाली. ऊन गेलं. हात रिकामा नको म्हणून लिहितेय, शाई गोठते, पेन्सिलीनं —

दारापाशी पावलं. बर्फ करकरतंय.

हाक.

नवा आवाज. पुरुषाचा. मी ओळखत नाही. पोर ओळखते. तिनं मान उचलली, डोळे एकदम चमकले. आबा. तिचा आबा, तिचा बाप. लेहचा. म्हणतोय की यांगदोल, मी आलो गं, तुझ्यासाठी बूट आणलेत, दार उघड.

आबा लेहमध्ये आहे. वाट बंद आहे. मी मान हलवून सांगितलं. ती ऐकत नाही. का ऐकेल, सहा महिने झाले बापाला पाहून —

वर हाका मारल्या. फावड्यांच्या आवाजात ऐकू जात नाही.

दुसरी हाक. यांगदोल, थंडी वाजतेय गं मला.

तोंडावर हात ठेवलाय तिच्या. डाव्या हातानं. चावतेय. रडतेय. सुटली तर ओ देणार. फार जोर आहे तिच्यात, बरी झालीय ना. मीच बरी —

माझी बोटं सुटतायत, खोकला — धरता येत नाहीये —

तिच्याआधी द्यायला हवी. तिच्याआधी कुणीतरी. मफलर माझ्या गळ्यात आहे. माझं नाव — माझं नाव काय —

असू दे.

देस्कित, ती रडेल, तिला आत धरून ठेव, बाहेर बघू देऊ नको. खीमो म्हणत राहा. ओ देईपर्यंत खीमोच म्हण.

तिसरी

ओ आबा! मी यांगदोल, मी इथेय, आले हं, दार उघडते